रात्रीच्या डाइव्हमध्ये सी स्लगचे फोटो: या चुका टाळा

इंडोनेशियातल्या लेंबेह सामुद्रधुनीचा तळ काळ्या, ज्वालामुखीच्या वाळूचा आहे. तिच्यावर नखाएवढा न्यूडिब्रँक, म्हणजे बिनशंखाची समुद्री गोगलगाय (सी स्लग), टॉर्चच्या उजेडात असा उठून दिसतो की बोट आपोआप शटरवर जातं. वर येऊन पाहावं तर फोटोभर पांढरे ठिपके!

या ठिपक्यांसाठी नवा कॅमेरा घेणारेही आहेत. आधी स्वतःच्या पायांकडे बघा. तळाशी फिन्स वरखाली मारले की गाळ उठतो आणि त्याचे कण फ्लॅशमध्ये पांढरे चमकतात. बेडकासारखी किक मारा आणि प्रवाहाकडे तोंड करून थांबा. उडालेला गाळ मागे वाहून जातो. त्यानंतरही ठिपके येत असतील तर स्ट्रोब, म्हणजे पाण्याखालचे फ्लॅश, लेन्सला चिकटलेले असतील. ते बाजूला न्या, किंचित बाहेर वळवा. रात्रीची खास कटकट म्हणजे फोकस लाइटभोवती जमणारे बारीक किडे. उजेड कमी ठेवा, दोन फोटोंच्या मध्ये बंदच करा. लाल उजेडाला ते कमी जमतात. स्लगला तसा फारसा फरक पडत नाही, त्याच्या डोळ्यांना जेमतेम उजेड-अंधार कळतो. वास घ्यायला त्याच्या डोक्यावर दोन शिंगं असतात, ऱ्हायनोफोर.

फोकस त्या शिंगांवरच हवा. वरून काढलेला फोटो चपट्या पानासारखा दिसतो, म्हणून त्याच्या पातळीला उतरा, पण तळावर लोळू नका. अ‍ॅपर्चर एफ २२, शटर १/२०० सेकंद, आयएसओ १०० ही चांगली सुरुवात. मागे मोकळं पाणी असेल तर ते काळंकुळीट येतं; वाळू असेल तर तीही उजळते आणि सगळा खेळ बिघडतो. ऑटोफोकस मागेपुढे करत राहिला तर फोकस लॉक करून स्वतःच किंचित पुढेमागे डुला. स्लगचा पाठलाग कशाला? वाट ओळखून पुढे थांबा, तो येतोच, सावकाश.

स्लगला ‘चांगल्या बॅकग्राउंडवर’ उचलून ठेवणारे गाइड मला अजिबात पटत नाहीत. बरेचसे न्यूडिब्रँक ठरावीक स्पंज किंवा हायड्रॉइडवरच (झुडपासारखे दिसणारे बारीक समुद्री जीव) जगतात. हातभर वाढणारा लालभडक स्पॅनिश डान्सर हा न्यूडिब्रँक पोहताना सुंदर दिसतो हे खरं, पण त्याला पोहायला लावण्यासाठी ढोसू नका. त्याच्या कल्ल्यांत एम्परर श्रिंप ही छोटी कोळंबी शोधा, तो फोटो जास्त छान येतो.

व्ह्यूफाइंडरला डोळा लावला की हवेचं भान राहत नाही. दर चार-पाच फोटोंनंतर हवेचं गेज बघा, बडी, म्हणजे जोडीदार डायव्हर, जवळ आहे ना तेही बघा. दुसरा टॉर्च सोबत हवाच.

लेन्ससमोर आतून धुकं येत असेल तर हाऊसिंग, म्हणजे कॅमेऱ्याची वॉटरप्रूफ पेटी, दमट बोटीवर बंद केलेलं असणार. ते एसीच्या कोरड्या खोलीतच बंद करा, आत सिलिका जेलची पुडी टाका. आणि पाणी अडवणारी रबरी ओ-रिंग बोटाने चाचपून बघा, एका केसानेही पाणी आत शिरतं.