वाचलेल्या पुस्तकावर मत कसं लिहायचं: कादंबरी, मुलांच्या गोष्टी आणि अभिनयाची पुस्तकं

बेळगावातल्या शहापूरला आमच्या गल्लीत एक छोटं वाचनालय आहे, रविवारी सकाळी मी तिथं बसते. टेबलावर एक जाड वही ठेवलीय, पुस्तक परत देताना दोन ओळी लिहून जा म्हणून. लोक लिहितात, पण बहुतेक वेळा "छान आहे", "खूप आवडलं", नाहीतर "बोअर". आता ह्यावरून पुढच्या माणसानं पुस्तक न्यायचं की नाही ते कसं ठरवायचं? आणि आपल्या भागात हा प्रश्न जास्तच आहे बघा, कारण नवीन मराठी पुस्तकं दुकानात उभं राहून चाळायची सोय पुण्या-मुंबईसारखी नाही, जांबोटी-कणकुंबीकडचा माणूस आधी पैसे भरतो, पार्सल येतं, मग पहिलं पान उघडतो. त्याच्यासाठी तुमचं मत म्हणजेच चाळून बघणं. म्हणून ते नीट लिहायला पाहिजे, आणि ते काही अवघड नाही.

माझं म्हणणं एकच आहे. पुस्तक ज्या कामासाठी लिहिलंय त्या कामाला ते लावून बघा आणि मग काय झालं ते लिहा. कादंबरी शेवटपर्यंत वाचायची असते, मुलांची गोष्ट मुलांना वाचून दाखवायची असते, अभिनयाचं पुस्तक उभं राहून करून बघायचं असतं. तिघांना एकच माप लावलं की मत चुकलंच.

सगळ्यात आधी पुस्तकाचं ते सुरवातीचं पान बघा जे आपण कायम उलटून पुढं जातो. लेखकाचं नाव, अनुवाद असेल तर अनुवादकाचं नाव (हे विसरू नका ओ, भाषा आवडली म्हणून लिहिता तेव्हा ते श्रेय अर्धं त्याचं असतं), प्रकाशन, वर्ष, किंमत, पानं. आवृत्ती आणि पुनर्मुद्रण ह्यातला फरक पण बघा, पुनर्मुद्रण म्हणजे तेच पुस्तक परत छापलंय, नवीन आवृत्तीत मजकूर बदललेला असू शकतो. कादंबरीला ह्याचा फारसा फरक पडत नाही पण करिअरच्या पुस्तकाला खूप पडतो, ते पुढं सांगते. तेरा आकडी आयएसबीएन नंबर (पुस्तकाचा ओळख क्रमांक) असेल तर तोही टाका, एकाच नावाची दोन-तीन पुस्तकं असली तर हुडकणाऱ्याला बरं पडतं.

आता कादंबरी. पहिली पन्नास पानं वाचून मत देऊ नका, आणि अर्धवट सोडली असेल तर तसं स्पष्ट लिहा, "मी १२० पानांवर सोडली, कारण अमुक", ह्यात लाजण्यासारखं काही नाही, उलट ते फार कामाचं मत असतं. वाचताना हाताशी पेन्सिल आणि कागदाची चिटोरी ठेवा, जिथं थांबलात, जिथं डोळ्यात पाणी आलं, जिथं कंटाळून दोन पानं उडवलीत, तो पान नंबर लिहून ठेवा. नंतर लिहिताना त्या नंबरांवरच सगळं मत उभं राहतं. "मधला भाग रेंगाळतो" ह्यापेक्षा "लग्नाच्या बोलणीपासून साधारण चाळीस पानं गोष्ट जागची हलत नाही" हे वाचणाऱ्याला पटकन कळतं.

कथानक किती सांगायचं हा कायमचा घोळ. मी पहिल्या पाव भागात जे घडतं तेवढंच सांगते, त्याच्या पुढचं नाही. कोण मेलं, कोणाचं लग्न झालं, कोण खरा बाप निघाला हे वहीत लिहून ठेवलं तर पुढच्या दहा वाचकांचं नुकसान आहे.

ऐतिहासिक कादंबरी असेल तर एक काळजी घ्या. आपल्याकडं ह्या कादंबऱ्या फार आवडीनं वाचतात, रणजित देसाई तर बेळगावपासून जवळच्या कोवाडचे, चंदगड तालुक्यातले, त्यांची माधवराव पेशव्यांवरची 'स्वामी' १९६२ ची, अजून घराघरात आहे. माधवराव १७७२ मध्ये थेऊरला वारले हा इतिहास, पण त्या खोलीत कोण काय बोललं ते लेखकानं रचलेलं असतं आणि तसं रचायचा त्याला हक्कच आहे. मत लिहिताना "ह्यातून खरा इतिहास कळला" असं सरसकट लिहू नका, "ही व्यक्ती मला जिवंत वाटली का" एवढं लिहा. इतिहास तपासायचा असेल तर पत्रं आणि बखरी वेगळ्या आहेत.

आणि बोली. निपाणीच्या महादेव मोरेंनी त्या भागातली कष्टकरी माणसं आणि त्यांची बोली कथा-कादंबऱ्यांत आणली, ती वाचताना आपल्या माणसाला घरचं वाटतं पण नागपूरच्या वाचकाला अडखळायला होईल. म्हणून लिहा, की मी ह्या भागाची आहे म्हणून मला भाषा सोपी गेली. तुम्ही कुठं उभं राहून बोलताय ते कळलं की वाचणारा आपला हिशोब आपण करतो.

मुलांच्या गोष्टींवर मात्र मला जरा जास्त बोलायचंय, कारण इथंच सगळ्यात जास्त चुकतं. मोठी माणसं मुलांचं पुस्तक एकटी वाचतात, चित्रं छान आहेत, बोध चांगला आहे, असं लिहून मोकळी होतात. ज्याच्यासाठी पुस्तक आहे त्याला कुणी विचारतच नाही! मी पण आधी असंच करायचे. मग एकदा वाचनालयात सात-आठ पोरं बसवून एक गोष्ट वाचायला घेतली, मला स्वतःला ती फार आवडलेली. सोसायटी, लिफ्ट, लिफ्ट मधेच बंद पडते, वॉचमनकाका येतात, अशी. दुसऱ्या पानावरच येळ्ळूरहून मामाकडं आलेली एक पोरगी म्हणाली, "मावशी, सोसायटीत तर ऊस-भाताचं कर्ज मिळतंय नव्हं, तिथं लिफ्ट कशाला ओ?" तिच्यासाठी सोसायटी म्हणजे गावची सेवा सोसायटी. बरोबरच होतं तिचं. पोरं गोष्टीत शिरलीच नाहीत, कारण गोष्टीचं घरच त्यांच्या ओळखीचं नव्हतं. ते पुस्तक वाईट नाही, पण खेड्यातल्या पोरांना वाचून दाखवायचं तर आधी दोन मिनिटं बोलून घ्यावं लागतं, हे मी वहीत लिहिलं आणि नंतर दोन शिक्षिकांनी मला सांगितलं की त्या एका ओळीचा उपयोग झाला.

तर करायचं असं. निदान तीन-चार मुलांना मोठ्यानं वाचून दाखवा, एकच मूल असेल तर तेही चालेल पण वय लिहा. वाचताना पुस्तकाकडं कमी आणि त्यांच्याकडं जास्त बघा. कुठं चुळबूळ सुरू झाली, कुठं "मग? मग?" आलं, कुठं चित्रावर बोट ठेवलं. गोष्ट संपल्यावर "बोध काय घेतला" हे विचारू नका, शाळेसारखं होतं आणि पोरं तुम्हाला पाहिजे ते उत्तर देतात. "परत वाचू का?" एवढं विचारा. परत वाच म्हणाली तर त्याच्यापेक्षा मोठं मत तुम्ही देऊ शकत नाही. दुसऱ्या दिवशी त्यातलं एखादं वाक्य खेळताना तोंडात आलं तर ते पण लिहा.

दुसरं म्हणजे मूल स्वतः वाचणार असेल तर अक्षरं बघा. आपल्याकडची कितीतरी पोरं कन्नड नाहीतर इंग्रजी शाळेत जातात, घरी मराठी बोलतात पण वाचायला सावकाश, कन्नड लिपी वेगळी, त्यामुळं जोडाक्षर आलं की अडतात. अक्षराचा आकार केवढा, पानावर ओळी किती, जोडाक्षरं किती, वाक्य एका श्वासात संपतं का, हे सगळं मतात आलं पाहिजे. उप्पीटाला पुस्तकात उपमा म्हटलंय म्हणून काही बिघडत नाही, असा एखादा शब्द मूल हसत हसत शिकतं, पण पानाला असे सहा शब्द असले तर सांगा.

स्टोरीवीव्हर म्हणून प्रथम बुक्सचा एक उपक्रम २०१५ पासून आहे, फुकट गोष्टी वाचता येतात आणि वाचनाच्या पायरीप्रमाणं एक ते चार अशा पातळ्या दिलेल्या असतात. तिथं बऱ्याच गोष्टी मराठीत पण आहेत आणि कन्नडमध्ये पण. आपल्या पोरांना दोन्ही येतात, तर एकच गोष्ट दोन्ही भाषांत वाचून बघा आणि कुठली जास्त खुलली ते लिहा. असं मत सीमाभागातला वाचकच देऊ शकतो.

अजून एक गोष्ट, लहान मुलाबद्दलचं पुस्तक आणि लहान मुलांसाठीचं पुस्तक ह्यात गल्लत करू नका. प्रकाश नारायण संतांचा लंपन आपल्याच भागातल्या कानडी वळणाच्या मराठीत बोलतो, शाळकरी पोरगा आहे, म्हणून आयाबाया ते पुस्तक दुसरीतल्या पोराला वाढदिवसाला देतात आणि पोरगं वाचत नाही म्हणून नाराज होतात. त्या गोष्टी मोठ्यांच्या आहेत, पंधरा-सोळाव्या वर्षी हातात द्या.

आता अभिनयाची पुस्तकं. ह्यांचे दोन प्रकार असतात आणि मत लिहिणारे हमखास मिसळतात. एक प्रकार अभिनय शिकवणारा, दुसरा अभिनयात करिअर कसं करायचं ते सांगणारा. रशियन नाट्यदिग्दर्शक स्तानिस्लावस्कीचं जे पुस्तक इंग्रजीत १९३६ साली आलं त्याचं मराठी के. नारायण काळे यांनी 'अभिनय साधना' म्हणून केलंय, त्यात एक विद्यार्थी आपल्या शिक्षणाची रोजनिशी लिहितो, गुरू चुका दाखवतात, असं सगळं आहे. त्यात ऑडिशनचे पत्ते नाहीत म्हणून एक तारा कमी करणं हा अन्याय आहे. त्यातला एक सराव निवडा, रोज वीस मिनिटं, तीन-चार आठवडे करा, आणि मग लिहा की आवाजात, उभं राहण्यात, समोरच्याचं ऐकण्यात काय फरक पडला. गणपतीतल्या नाटकात नाहीतर गावच्या यात्रेत काम करणाऱ्यांनी तर हे जरूर करावं, आपल्याकडं ही परंपरा मोठी आहे. अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, १८४३ चा जन्म, आणि १८८० मध्ये त्यांनी संगीत शाकुंतल रंगभूमीवर आणलं. तेव्हा इथल्या कलाकारानं दिलेलं मत कुणी हलक्यात घेऊ नये.

करिअरच्या पुस्तकाला मात्र कडक व्हा. माझ्या भाच्यानं असंच एक पुस्तक वाचून मुंबई गाठली. त्यात लिहिलं होतं आधी महागडा फोटो पोर्टफोलिओ करा, मग ऑफिसा-ऑफिसात जाऊन द्या. बहिणीनं भिशीतले पैसे दिले, फोटो झाले, आणि तिथं गेल्यावर कळलं की आता पहिली निवड बऱ्याचदा मोबाईलवर पाठवलेल्या सेल्फ टेपवर, म्हणजे आपणच काढलेल्या व्हिडिओवर होते, साधी भिंत, नीट उजेड, नाव-उंची-वय सांगायचं, दोन्ही बाजू दाखवायच्या आणि दिलेला सीन करायचा. पुस्तक खोटं नव्हतं, जुनं होतं. नुसतं पुनर्मुद्रण, आतला शब्द न बदललेला. म्हणून सुरवातीला म्हटलं ते पान बघा, आणि तुमच्या मताची पहिली ओळच अशी असू दे की ह्यातली माहिती अमुक सालची आहे.

मग पुढं हे तपासा: काम देण्याआधी पैसे मागणाऱ्यांपासून सावध राहा असं पुस्तकात स्पष्ट लिहिलंय का, करार आणि मानधनाबद्दल काही आहे का, काम नसलेल्या महिन्यांत भाडं कसं भरायचं ह्यावर एखादं पान तरी आहे का. नसेल तर तसं लिहा, कारण अठरा-वीस वर्षांची पोरं हे वाचून घर सोडतात, हे कादंबरीसारखं नाही.

आणि शिक्षणाची माहिती कुठली दिलीय ते बघा. दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ चं, तिथं तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे आणि पदवी झालेली लागते, पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट १९६० ची, ही नावं सगळ्या पुस्तकांत असतात. पण बेळगावच्या मुलाला कोल्हापूर शंभर-सव्वाशे किलोमीटर आणि धारवाड त्याहून जवळ, हे पुण्या-मुंबईच्या लेखकाच्या डोक्यात येत नाही. धारवाडला रंगायण ही नाट्यसंस्था आहे, शिवमोग्गा जिल्ह्यात हेग्गोडूला नीनासम आहे, १९४९ ची संस्था, तिची नाटक शिकवणारी शाळा १९८० पासून आहे, शिक्षण कन्नडमध्ये. ज्याला दोन्ही भाषा येतात त्याला दोन रंगभूमी उघड्या आहेत. मराठी पुस्तकात हे नसलं तर तुमच्या मतात भर घाला की, मतात फक्त काय आहे आणि काय नाही एवढंच सांगायचं असं कुठं आहे, नसलेलं भरून पण द्यायचं.

थोडं इकडचं तिकडचं. पुस्तकातल्या दोन-चार ओळी मतात घ्यायला हरकत नाही, १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ मध्ये समीक्षेसाठी तेवढी सूट आहे, पण आख्ख्या प्रकरणाचे फोटो काढून व्हॉट्सअपवर टाकणं किंवा पीडीएफ फिरवणं म्हणजे मत देणं नव्हे, त्यानं लेखकाच्या पोटावर पाय येतो. पुस्तक भेट मिळालं असेल तर "लेखकानं भेट दिलं" हे लिहा. आपल्याकडं लेखक बऱ्याचदा शेजारच्याच गल्लीत राहतो, भाजी घेताना भेटतो, मग खरं लिहायला जीव होत नाही. मी अशा वेळी न आवडलेली एकच गोष्ट निवडते, पान नंबरासकट लिहिते, आणि वहीत लिहायच्या आधी त्यांना घरी जाऊन सांगते. आतापर्यंत कुणी रागावलं नाही, एका अण्णांनी तर पुढच्या आवृत्तीत ती चूक दुरुस्त केली.

लिहायला जागा पण भरपूर आहेत. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ पासून आहे, तुमच्या गावातल्या वाचनालयात वही नसेल तर शंभर पानी एक वही तुम्हीच नेऊन ठेवा, दोरीला पेन बांधून. मत लिहिलं की खाली तारीख आणि आपलं गाव टाका. आणि हिवाळ्यात कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा अशी गावोगावची साहित्य संमेलनं सुरू होतात, तिथं पुस्तकांचे स्टॉल लागतात, तेव्हा त्या वहीतली सगळ्यात चांगली दहा-बारा मतं एका कागदावर उतरवून बरोबर न्या, स्टॉलवर उभ्या असलेल्या आई-बापांना दाखवा, आणि मुलांच्या पुस्तकांपासून सुरवात करा.