कॉलेज फुटबॉलच्या भेटीला निघण्यापूर्वी: न्यू जर्सीतल्या मराठी घरांसाठी तयारीची यादी

न्यू जर्सीत एडिसन, पिस्कॅटवे, साउथ ब्रन्सविक या पट्ट्यात मराठी घरं भरपूर आहेत, आणि त्यातली काही मुलं आता हेल्मेट-पॅड चढवून शुक्रवारी रात्री हायस्कूलच्या संघातून खेळतात. त्यांच्या आईवडिलांनी हा अमेरिकन फुटबॉल स्वतः बहुधा कधी खेळलेला नसतो. एखाद्या कॉलेजचे प्रशिक्षक संघात घेण्याच्या विचाराने ‘येऊन बघून जा’ म्हणाले की घरात आनंद होतो आणि लगेच प्रश्न पडतो, की जायचं म्हणजे नेमकं काय करायचं? ही यादी त्या घरांसाठी. उदाहरण म्हणून जवळचीच दोन कॉलेजं घेऊ, रटगर्स आणि प्रिन्स्टन. ६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू ब्रन्सविकमध्ये कॉलेजांमधला पहिला फुटबॉल सामना याच दोघांत झाला आणि रटगर्सने तो ६-४ असा जिंकला. आज दोघांच्या वाटा इतक्या वेगळ्या आहेत की एकाच मुलाला दोन्हीकडे जायचं असेल, तर तयारीही दोन प्रकारे करावी लागते.

आधी बोलावणं कोणत्या प्रकारचं आहे ते ईमेलवर स्पष्ट करून घ्या. ‘ऑफिशियल’ भेटीचा खर्च कॉलेज करतं: मुलाचा आणि घरच्या दोघांचा प्रवास, जेवण, जास्तीत जास्त दोन रात्रींचा मुक्काम. ‘अनऑफिशियल’ भेटीत सगळं आपल्या खिशातून, कॉलेजकडून फार तर घरच्या मैदानावरच्या सामन्याची तिकिटं. फुटबॉलमध्ये ऑफिशियल भेटी अकरावीच्या वर्षातल्या १ एप्रिलपासून सुरू होतात आणि एका कॉलेजची एकच भेट मिळते. मुख्य प्रशिक्षक बदलले तर दुसरी घेता येते. एकूण पाच भेटींची जुनी मर्यादा जुलै २०२३ पासून उठली आहे. त्यामुळे जमेल तितक्या ठिकाणी जाण्याचा मोह होतो. तो आवरा, कारण मे-जूनमध्ये अकरावीच्या अंतिम परीक्षा असतात आणि तेच गुण पुढे मोजले जातात. ‘ज्युनियर डे’ला एकाच दिवशी अनेक मुलं येतात, तेव्हा तिथे बोलावलं म्हणजे जागा देऊ केली असं समजू नका. उन्हाळी कॅम्पची रंगीत पत्रं तर ढिगाने पाठवली जातात आणि त्या कॅम्पची फी भरावी लागते. ज्या पत्रात मुलाच्या खेळाबद्दल एकही नेमकं वाक्य नाही, त्यावर विमानाचं तिकीट काढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तारीख ठरवताना एनसीएए या कॉलेज-खेळांचे नियम ठरवणाऱ्या संघटनेचं त्या वर्षाचं खेळाडू-भरतीचं वेळापत्रक उघडून बघा. ‘डेड पीरियड’मध्ये प्रशिक्षकांना मुलाला कॅम्पसवरही प्रत्यक्ष भेटता येत नाही, मग जाऊन नुसत्या इमारती बघाल.

आता कागद. ऑफिशियल भेटीआधी मुलाची एनसीएए एलिजिबिलिटी सेंटरवर (पात्रता तपासणारं केंद्र) नोंदणी झालेली हवी, हायस्कूलचा ट्रान्सक्रिप्ट (विषय-गुणांची अधिकृत नोंद) कॉलेजकडे पोचलेला हवा आणि कॉलेजने मुलाचं नाव आपल्या यादीत घातलेलं हवं. यातलं एकही राहिलं तर भेट पुढे ढकलली जाते. शाळेच्या समुपदेशकाला हे काम सांगायचं तर दोन-तीन आठवडे हाताशी ठेवा. ट्रान्सक्रिप्ट हाती आला की स्वतः बसून ‘कोअर’, म्हणजे मुख्य अभ्यासाचे विषय मोजा. डिव्हिजन वन या कॉलेज-खेळांच्या सर्वांत वरच्या गटासाठी असे १६ विषय लागतात, त्यातले १० बारावी सुरू होण्याआधी पूर्ण झालेले हवेत आणि त्या दहांत इंग्रजी, गणित व विज्ञान मिळून ७. कोअर विषयांचा जीपीए किमान २.३. आपल्या घरांत गुणांची काळजी क्वचितच असते. अडचण येते ती भारतातून नववी-दहावीत आलेल्या मुलांची, कारण तिकडचे विषय इथल्या हिशेबात बसवायला वेळ लागतो. तिकडच्या मूळ गुणपत्रिका वर्षभर आधी मागवून ठेवा. एनसीएएने एसएटी परीक्षेची अट २०२३ मध्ये काढून टाकली, पण प्रिन्स्टनसारख्या आयव्ही लीगमधल्या कॉलेजात गुणांचा वेगळा हिशेब असतो. तिथले प्रशिक्षक ट्रान्सक्रिप्ट आणि परीक्षेचे गुण भेटीच्या बरेच आधी मागतात, कारण शेवटचा शब्द प्रवेश कार्यालयाचा असतो.

तब्येतीच्या कागदांवर मी जास्त भर देईन. गुडघ्याची किंवा खांद्याची शस्त्रक्रिया झाली असेल तर तिचा अहवाल आणि एमआरआय बरोबर घ्या. डोक्याला मार लागून किती वेळा खेळ थांबवावा लागला ते तारखांसह लिहून काढा. लपवण्यात काही अर्थ नाही, पुढे तेच निघतं. आणि एक गोष्ट खास आपल्यासाठी. डिव्हिजन वनच्या खेळाडूला सराव सुरू करण्याआधी सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या वाहकत्वाची तपासणी करावी लागते, कारण वाहक खेळाडू उन्हातल्या कडक सरावात अचानक कोसळू शकतो. अमेरिकेत जन्मलेल्या मुलाची ही तपासणी जन्मतःच झालेली असते, तो अहवाल बालरोगतज्ज्ञांकडून काढून घ्या. मूल भारतात जन्मलेलं असेल तर अहवाल बहुधा नसतोच. विदर्भात आणि नंदुरबारच्या बाजूला हा आजार बऱ्याच घरांत आहे, म्हणून तिकडच्या कुटुंबांनी तर रक्ततपासणी आत्ताच करून घ्यावी. मूल वाहक निघालं तरी खेळ बंद होत नाही. प्रशिक्षक आणि ट्रेनर यांना ते माहीत असलं की पाणी, विश्रांती आणि सरावाचा वेग सांभाळून घेता येतो.

भेटीच्या आदल्या आठवड्यात मुलाने संघाची खेळाडूंची यादी उघडून स्वतःच्या जागेवर किती जण आहेत आणि त्यातले किती पुढच्या दोन वर्षांत बाहेर पडतील ते कागदावर मांडावं. त्या जागेचे प्रशिक्षक कोण, ते इथे कधी आले, आधी कुठे होते, हेही बघावं. गेल्या मोसमातले दोन-तीन सामने पूर्ण बघावेत, नुसते हायलाइट नकोत. प्रशिक्षक फळ्याजवळ नेऊन ‘या डावात तू काय केलं असतंस’ विचारतात, आणि तिथे मुलगा बोलला पाहिजे. आई किंवा बाबांनी मध्ये उत्तर दिलं तर ते लगेच लक्षात येतं. घरी सराव करून घ्यायचा तो याचाच: मुलाने पूर्ण वाक्यात, डोळ्यांत बघून बोलणं. आपल्याकडे मोठ्यांसमोर मान खाली घालून हळू बोलणं शहाणपणाचं समजतात. इथे त्याचा अर्थ वेगळा लागतो, हे मुलाला प्रेमाने सांगा.

प्रश्नांची वही दोन भागांत करा, अर्धी मुलाची, अर्धी तुमची. मुलाने विचारायचं: मला कोणत्या जागेवर खेळवायचा विचार आहे? या वर्षी त्या जागेसाठी किती जण घेणार? पहिल्या वर्षी रेडशर्ट ठेवणार का, म्हणजे खेळण्याचं वर्ष राखून ठेवत नुसता सराव करवणार का? (त्या वर्षात चारपर्यंत सामने खेळले तरी वर्ष वाया जात नाही.) आणि सगळ्यात महत्त्वाचं: देऊ केलेली जागा मी आज हो म्हटलं तर आज माझी होते का, की आधी आणखी कोणाच्या उत्तराची वाट बघताय? हा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण प्रशिक्षकांना तो रोज ऐकायची सवय असते. आईवडिलांनी विचारायचं अभ्यासाचं आणि दुखापतीचं. मोसमात आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे, पण प्रवास, उपचार, स्वतःहून बघितलेले व्हिडिओ धरून खरे तास किती होतात, ते प्रशिक्षकांना विचाराच आणि नंतर खेळाडूंनाही वेगळं विचारा. इंजिनिअरिंगच्या प्रयोगशाळा दुपारी असतात आणि सरावही तेव्हाच असला तर काय करतात? सध्याच्या संघात इंजिनिअरिंग करणारे किती? नावं मिळाली तर त्यांच्याशी बोलू द्या म्हणा. दुखापतीबद्दल नियम आता बराच चांगला आहे: ऑगस्ट २०२४ पासून डिव्हिजन वनच्या कॉलेजांना दुखापतीमुळे किंवा खेळ कमी पडला म्हणून शिष्यवृत्ती काढता येत नाही, आणि खेळातल्या दुखापतीचा उपचारखर्च खेळाडू बाहेर पडल्यावरही दोन वर्षं द्यावा लागतो. तरी ही हमी तुमच्या कागदावर कोणत्या शब्दांत येईल, ते विचारा.

पैशाचा विषय २०२५ मध्ये पूर्ण बदलला. ६ जून २०२५ रोजी, खेळाडूंनी पैशांसाठी एनसीएएवर भरलेल्या हाउस खटल्यातली तडजोड न्यायालयाने मान्य केली आणि १ जुलैपासून त्यात सामील झालेली कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षासाठी एका कॉलेजला सगळ्या खेळांना मिळून सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरची मर्यादा ठरली. शिष्यवृत्त्यांची जुनी ८५ ची मर्यादा गेली आणि तिच्या जागी संघात १०५ खेळाडूंची मर्यादा आली. याचा फटका बसतो तो शिष्यवृत्तीशिवाय संघात येणाऱ्या ‘वॉक-ऑन’ मुलांना. तुमच्या मुलाला रटगर्ससारख्या ठिकाणी ‘प्रिफर्ड वॉक-ऑन’ म्हणून बोलावलं असेल, तर त्या १०५ मध्ये त्याची जागा धरली आहे का आणि कधीपर्यंत, हे विचारल्याशिवाय परतू नका. प्रिन्स्टनमध्ये हा प्रश्नच वेगळा आहे. आयव्ही लीग खेळाची शिष्यवृत्ती देत नाही आणि त्या तडजोडीतही गेलेली नाही. तिथे मदत मिळते ती कुटुंबाच्या उत्पन्नावरून. म्हणून प्रिन्स्टनला जाताना करविवरण आणि उत्पन्नाचे कागद तयार ठेवा आणि आर्थिक मदत कार्यालयाची वेळ भेटीतच मागून घ्या. पूर्वी सही व्हायची ते ‘लेटर ऑफ इंटेंट’ २०२४ मध्ये बंद झालं, आता आर्थिक मदतीच्या करारावर सही होते. करार किती वर्षांचा, त्यात राहणं-खाणं-प्रवास धरला आहे का, हे शब्दशः वाचा. थेट पैशांचा वेगळा करार पुढे आला तर वकिलाला दाखवल्याशिवाय सही नको. त्या पैशावर करही भरावा लागतो.

व्हिसाचा प्रश्न इतर घरांना पडत नाही, आपल्याला पडतो. मुलगा एच-४ वर (नोकरीसाठी आलेल्या आईवडिलांच्या आधारावर मिळणारा व्हिसा) असेल तर त्याला काम करून पैसे मिळवण्याची परवानगी नाही, आणि २१ वर्षं पूर्ण झाली की एच-४ संपतो, म्हणजे ऐन कॉलेजात एफ-१ हा विद्यार्थी-व्हिसा घ्यावा लागतो. शिष्यवृत्ती घेणं वेगळं आणि जाहिरातीचे किंवा कॉलेजने दिलेले थेट पैसे घेणं वेगळं. दुसऱ्यात पाऊल टाकण्याआधी इमिग्रेशन वकिलाचा सल्ला घ्या, कारण चूक झाली तर भोगावं मुलाला लागतं. अमेरिकेच्या केंद्र सरकारची विद्यार्थी-मदतही एच-४ किंवा एफ-१ वर मिळत नाही. ही परिस्थिती प्रशिक्षकांना आणि कॉलेजच्या कंप्लायन्स (नियमपालन) कार्यालयाला पहिल्याच दिवशी सांगा. माझ्या मते हे लाजण्यासारखं अजिबात नाही. परदेशी खेळाडू त्यांच्याकडे असतातच.

जेवणाचं आधी कळवा. मुलगा शाकाहारी असेल, अंडं चालतं की नाही, उपवास असतो का, हे भेटीच्या अर्जातच लिहा आणि संघाच्या आहारतज्ज्ञांशी दहा मिनिटं मागा. २०१४ पासून डिव्हिजन वनची कॉलेजं खेळाडूंना हवं तितकं खायला देऊ शकतात, तेव्हा रोज ताटात शाकाहारी प्रथिनं काय असतील, हा प्रश्न रास्त आहे. कपड्यांचं थोडक्यात: संघाचा गणवेश घालून फोटो काढतात, म्हणून मापं आधी कळवा, आतून घालायचे घट्ट कपडे आणि साधे मोजे घ्या. उंची-वजन तिथे मोजतात, प्रोफाइलवर एक इंचही वाढवून लिहू नका.

रात्री संघातला एखादा खेळाडू यजमान म्हणून मुलाला बाहेर नेतो. २००४ मध्ये कोलोरॅडोतल्या भेटींबद्दल गंभीर आरोप झाले, तेव्हापासून प्रत्येक कॉलेजला भेटींचं लेखी धोरण ठेवावं लागतं. ते मागून घ्या आणि मुलाबरोबर वाचा. दारू, कोणाच्या गाडीत बसायचं, मुलींशी वागणं, नको असेल तेव्हा निघून येणं, हे घरीच स्पष्ट बोला. ‘बाबा, न्यायला या’ असा फोन आला तर कुठल्याही वेळी, काही न विचारता जाऊ, असं त्याला सांगून ठेवा आणि रात्री फोन चालू ठेवा.

कॅम्पसवर एक तास कोणाच्याही देखरेखीशिवाय मागून घ्या. रटगर्समध्ये स्टेडियम आणि फुटबॉलचं सगळं काम पिस्कॅटवेच्या बुश कॅम्पसवर, इंजिनिअरिंगही तिथेच. पण बरेच वर्ग रॅरिटन नदीपलीकडे कॉलेज अव्हेन्यूवर असतात. कामाच्या दिवशी गेलात तर सकाळच्या गर्दीत ती बस पकडून जाऊन या. एडिसनहून तर हे कोणत्याही मंगळवारी जमतं. ग्रंथालयात बसा, दवाखाना बघा, मुलाला एका वर्गात बसू द्या.

प्रशिक्षकांच्या खोलीत, सगळे टाळ्या वाजवायला तयार असताना, हो म्हणायचं नाही, हे निघतानाच ठरवा. ‘उत्तर कोणत्या तारखेपर्यंत हवं?’ एवढं विचारून, आभार मानून बाहेर या. त्याच संध्याकाळी मुलाने आणि तुम्ही वेगवेगळं लिहा, मग एकत्र वाचा. मुलाने स्वतः धन्यवादाचा मेसेज पाठवावा. आणि ज्या कॉलेजला नाही म्हणायचं ठरलं, तिथल्या प्रशिक्षकांना मुलानेच लगेच फोन करावा, म्हणजे ती जागा वाट बघणाऱ्या दुसऱ्या मुलाला वेळेवर मिळते.