'यूज्ड टू' वापरण्याआधी मराठी वाक्य नीट बघा

पेठेतल्या एखाद्या नव्या इमारतीकडे बोट दाखवून आपण सहज म्हणतो, 'पूर्वी इथे वाडा होता.' इंग्रजीत हेच 'देअर यूज्ड टू बी अ वाडा हिअर' असं होतं. वाक्य सोपं आहे, पण 'यूज्ड टू' बोलताना बरेच जण अडखळतात, कारण हे दोन शब्द तीन वेगवेगळी कामं करतात. इंग्रजी नियम पाठ करत बसलात तर ती तिन्ही कामं एकमेकांत मिसळतात. मराठीत मात्र तिन्हींसाठी निराळे शब्द आहेत: जायचो, सरावलो, वापरतात. म्हणून सुरुवात मराठी वाक्यापासून करा.

जायचो, जायची, जायचे

मराठी क्रियापदाला 'यचो, यची, यचे' लागलं असेल, तर 'यूज्ड टू' घ्या आणि पुढे क्रियापद मूळ रूपात ठेवा. 'मी सायकलने कॉलेजला जायचो' म्हणजे 'आय यूज्ड टू गो टू कॉलेज बाय सायकल.' मी जायचे, ती जायची, आम्ही जायचो, या सगळ्यांना इंग्रजीत हे एकच रूप चालतं. लेखी मराठीतलं 'जात असे' हेही इथेच येतं. 'मला जायचंय' मात्र यात धरू नका, ते 'आय वॉन्ट टू गो' किंवा 'आय हॅव टू गो' असतं.

सर्वांत जास्त चूक इथेच होते. रोज सहाला उठणारा माणूस 'आय यूज टू गेट अप ॲट सिक्स' असं म्हणतो. या अर्थाच्या 'यूज्ड टू'ला वर्तमानकाळच नाही. ऐकणाऱ्याच्या कानावर 'पूर्वी उठायचो, आता नाही' असं पडतं. हिंजवडीतल्या एखाद्या मुलाखतीत ही चूक महागात पडू शकते. सध्याचं काम सांगताना 'आय यूज्ड टू हँडल क्लायंट कॉल्स' म्हटलं, तर ते काम तुमच्याकडून गेलं असा समज होतो. चालू सवयीसाठी साधा वर्तमानकाळ पुरतो: 'आय हँडल क्लायंट कॉल्स', 'आय यूजुअली गेट अप ॲट सिक्स.'

दुसरी चूक आकड्यांची. 'आय यूज्ड टू लिव्ह इन सातारा फॉर फाइव्ह इयर्स' हे चुकीचं आहे. 'यूज्ड टू' हे मोकळं, मोजमाप नसलेलं 'पूर्वी' सांगतं. पाच वर्षं असा मोजलेला काळ आला की साधा भूतकाळ घ्यायचा: 'आय लिव्ह्ड इन सातारा फॉर फाइव्ह इयर्स.' गोव्याला एकूण तीनदा गेला असाल, तरी 'आय वेंट टू गोवा थ्री टाइम्स' म्हणा. आठवड्यातून तीनदा पर्वती चढत होतात, ही मात्र सवय झाली. तिथे 'आय यूज्ड टू क्लाइम्ब पर्वती थ्री टाइम्स अ वीक' अगदी बरोबर आहे.

आठवणी सांगताना पुढच्या वाक्यांत 'वुड'ही चालतं, पण फक्त वारंवार केलेल्या गोष्टींसाठी: 'एव्हरी संडे वी वुड गो टू खडकवासला.' राहणं, असणं, आवडणं यांसाठी 'यूज्ड टू'च हवं. 'आय वुड लिव्ह इन कोथरूड' म्हणून 'कोथरूडला राहायचो' हा अर्थ निघत नाही.

सरावलो

'मी या ट्रॅफिकला सरावलोय' म्हणजे 'आय ॲम यूज्ड टू धिस ट्रॅफिक.' इथे 'ॲम, इज, आर, वॉज' यांपैकी काहीतरी किंवा 'गेट'चं एखादं रूप हवंच. ते गळलं की अर्थ उडतो. सराव होत असेल तर 'आय ॲम गेटिंग यूज्ड टू इट', झाला असेल तर 'आय हॅव गॉट यूज्ड टू इट', आणि नव्याने आलेल्या माणसाला धीर द्यायचा असेल तर 'यू विल गेट यूज्ड टू इट.'

पुढे क्रियापद आलं की ते 'इंग'चं रूप घेतं, आणि याचं कारण मराठीतच सापडतं. 'ट्रॅफिकला' मधला 'ला' म्हणजे हा 'टू'. 'ला' लावायचा तर आपणही क्रियापदाचं नाम करतो: चालणे, चालण्याला. तसंच इंग्रजीत 'वॉक'चं 'वॉकिंग' होतं. म्हणून 'आय ॲम यूज्ड टू वॉकिंग' म्हणायचं, 'यूज्ड टू वॉक' नाही.

'सवय' या शब्दापाशी विशेष सावध राहा, कारण तो दुहेरी आहे. 'त्याला नखं खायची सवय आहे' हे 'ही इज यूज्ड टू' ने सांगता येत नाही. ते 'ही हॅज अ हॅबिट ऑफ बायटिंग हिज नेल्स' असं सांगावं लागतं. 'मला उभ्याने प्रवास करायची सवय आहे', म्हणजे त्याचं काही वाटत नाही, हे मात्र 'आय ॲम यूज्ड टू ट्रॅव्हलिंग स्टँडिंग अप.' शंका आली की 'सवय'च्या जागी 'सरावलो' घालून बघा. तो नखं खायला सरावला, असं आपण म्हणत नाही. मग तिथे 'यूज्ड टू' नको.

वापरतात

'विळीचा उपयोग भाजी चिरायला होतो' हे तिसरं काम: 'अ विळी इज यूज्ड टू कट व्हेजिटेबल्स.' इथे 'यूज' म्हणजे शब्दशः वापरणं, आणि कर्ता बहुधा वस्तू असते.

उच्चार आणि स्पेलिंग

तिन्ही लिहायला सारखे असले तरी कानाला सगळे सारखे लागत नाहीत. वापरण्याच्या अर्थात 'यूझ्ड' असा घोष, म्हणजे गळ्यात कंप होणारा उच्चार होतो. जायचो आणि सरावलो या अर्थांत तो 'यूस्ट' होतो, आणि पुढच्या 'टू'शी जुळून 'यूस्टू' असा एकच शब्द ऐकू येतो. मधला 'ड' वेगळा उच्चारायला जाऊ नका, तिथेच बोलणं अडतं.

नकार आणि प्रश्न करताना 'डिड' येतो आणि भूतकाळाचा भार तोच उचलतो. म्हणून 'आय डिडन्ट यूज टू लाइक कारलं' किंवा 'डिड यू यूज टू लिव्ह हिअर?' लिहिताना शेवटचा 'डी' काढायचा. उच्चार मात्र तोच 'यूस्टू' राहतो, त्यामुळे ही चूक बोलताना कळत नाही, लिहिल्यावरच दिसते. नकारात 'नेव्हर' वापरलं तर 'डी' जागेवर राहतो: 'आय नेव्हर यूज्ड टू लाइक कारलं.'