एचआयव्ही प्रतिबंधाचे प्रशिक्षण : पहिल्या सत्रापूर्वी पूर्ण करायची तयारी

प्रशिक्षणाची तारीख कळवण्याआधी आयोजकांनी एक गोष्ट लेखी स्वरूपात ठरवून घ्यावी, ती म्हणजे प्रशिक्षण घेणाऱ्या आरोग्य कार्यकर्त्यांनी पुढे नेमके काय करायचे आणि कोणत्या ठिकाणी थांबायचे. माहिती देणे आणि कंडोम वाटणे हे एक काम आहे, बोटातून रक्ताचा थेंब घेऊन रॅपिड चाचणी, म्हणजे काही मिनिटांत निकाल देणारी एचआयव्हीची चाचणी, करणे हे दुसरे, आणि प्रतिबंधक गोळ्या घेणाऱ्या व्यक्तीचा महिनोन्‌महिने पाठपुरावा करणे हे तिसरे. तिन्ही कामे एकाच छोट्या शिबिरात उरकण्याचा मोह टाळावा. प्रशिक्षित बिगर-वैद्यकीय कार्यकर्त्यांनी रॅपिड चाचणी करावी अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये केली आहे. तरीही स्थानिक कायदा आणि आरोग्य विभागाचे नियम याला कितपत मुभा देतात, हे अभ्यासक्रम आखण्याआधीच तपासावे.

कार्यकर्त्यांची निवड करताना शिक्षणापेक्षा वस्तीतील विश्वासाला अधिक वजन द्यावे. प्रशिक्षकांमध्ये एचआयव्हीसह जगणाऱ्या व्यक्ती असाव्यात, आणि अनुभवकथनापुरते बोलावण्याऐवजी त्यांना इतर प्रशिक्षकांइतकेच मानधन द्यावे.

साहित्याची तपासणी कंटाळवाणी असली तरी ती दुसऱ्यावर सोपवू नये. पुढे प्रत्यक्ष कामात चाचणीचे जे किट मिळणार आहे तेच सरावासाठी मागवावे, कारण थेंब किती घ्यायचा, द्रावण किती घालायचे आणि निकाल किती मिनिटांनी वाचायचा हे प्रत्येक उत्पादकागणिक बदलते, आणि दिलेली मुदत उलटल्यावर वाचलेला निकाल ग्राह्य धरता येत नाही. मुदतसमाप्तीची तारीख आणि साठवणीचे तापमान पाहून घ्यावे. बहुतेक किट २ ते ३० अंश सेल्सिअस तापमानात ठेवायची असतात, त्यामुळे उन्हात उभ्या असलेल्या वाहनात ती राहणार नाहीत याची व्यवस्था हवी. हातमोजे आणि एकदाच वापरायच्या सुया यांच्यासोबत वापरलेल्या सुया टाकण्यासाठी सुईने भोक न पडणारा, झाकणाचा डबा प्रत्येक टेबलावर असावा आणि तो तीन चतुर्थांश भरला की बंद करायचा, हा नियम सरावातही पाळावा. कंडोमच्या प्रात्यक्षिकासाठी नमुने आणि पाण्यावर आधारित वंगण ठेवावे. तेलकट पदार्थांनी कंडोमचे लॅटेक्स रबर कमकुवत होते, हे सांगण्यापेक्षा करून दाखवलेले अधिक लक्षात राहते.

पाठ्यसामग्री थोडी असली तरी चालेल, मात्र ती अद्ययावत असावी. जुन्या पुस्तिकांत प्रतिबंध म्हणजे कंडोम आणि संयम एवढेच आढळते, म्हणून त्या तशाच छापून वाटू नयेत. संसर्गाचा धोका संभवल्यावर घ्यायची पीईपीची औषधे शक्य तितक्या लवकर आणि जास्तीत जास्त ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यायची असतात, हे प्रत्येक कार्यकर्त्याला तोंडपाठ हवे. धोक्याआधी घ्यायच्या प्रेपमध्ये आता रोजच्या गोळीखेरीज दीर्घकाळ परिणाम करणारी इंजेक्शनेही आली आहेत. वर्षातून दोनदा घ्यायच्या लेनाकापाविर या इंजेक्शनची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने जुलै २०२५ मध्ये केली. जे आपल्या भागात उपलब्ध नाही त्याचे आश्वासन मात्र कार्यकर्त्याने देऊ नये. नियमित उपचारांमुळे ज्याच्या रक्तातील विषाणूचे प्रमाण चाचणीत आढळण्याइतकेही राहिलेले नाही, अशा व्यक्तीकडून लैंगिक संबंधातून जोडीदाराला संसर्ग होत नाही, हेही स्पष्ट शब्दांत लिहिलेले असावे. भीती दाखवून प्रतिबंध साधतो, असे मानणाऱ्यांना हे वाक्य पचत नाही आणि म्हणूनच त्यावर चर्चेसाठी वेळ राखून ठेवावा.

सर्वाधिक वेळ राखावा लागेल तो संभाषणाच्या सरावासाठी, आणि वेळापत्रकात नेमकी त्यालाच कात्री लागते. पहिला निकाल ‘रिॲक्टिव्ह’, म्हणजे संसर्गाची शक्यता दाखवणारा, आला म्हणजे निदान झाले असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या शिफारशीनुसार लागोपाठ तीन चाचण्या रिॲक्टिव्ह आल्यावरच निदान पक्के मानले जाते. उलट, संसर्गानंतर सुरुवातीचे काही आठवडे चाचणी निगेटिव्ह येऊ शकते. या दोन्ही गोष्टी घाबरलेल्या माणसाला साध्या भाषेत कशा सांगायच्या, ‘माझ्या नवऱ्याला कळवू नका’ असे एखादी स्त्री म्हणाली तर काय उत्तर द्यायचे, घरात मारहाणीची शक्यता दिसली तर कोणाची मदत घ्यायची, आणि आधीच एआरटी (एचआयव्हीवरील नियमित औषधोपचार) घेणाऱ्याने स्वचाचणीचे किट मागितले तर त्याचा निकाल फसवा येऊ शकतो हे न दुखावता कसे समजवायचे, असे प्रसंग आधीच लिहून तयार ठेवावेत आणि प्रत्येकाला ते करून पाहायला लावावेत.

गोपनीयतेची तयारीही अशीच ठोस असावी. कार्यकर्ती त्याच वस्तीतली असते, तिची सासू, शेजारीण, मुलांचे शिक्षक सगळे त्याच परिचयात असतात. त्यामुळे केवळ शपथपत्रावर सही घेऊन भागत नाही. नोंदवहीत नावाऐवजी सांकेतिक क्रमांक कसा लिहायचा, वही घरी कुलुपात कुठे ठेवायची, भ्रमणध्वनीवरच्या गटात कोणाच्याही निकालाचा उल्लेख का करायचा नाही, आणि चौकशी करणाऱ्या नातेवाइकाला काय सांगायचे, या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर प्रशिक्षकाकडे आधीच तयार असावे. तसेच, संमतीशिवाय चाचणी करायची नाही हा नियम कुटुंबप्रमुखाच्या आग्रहापुढेही बदलत नाही, हे कार्यकर्त्यांच्या वरिष्ठांनीही ऐकलेले असावे.

पुढे पाठवायच्या केंद्रांची यादी जुन्या कागदावरून उतरवून घेऊ नये, तर प्रत्येक ठिकाणी दूरध्वनी करून वेळ, जबाबदार व्यक्ती आणि औषधांचा साठा यांची खात्री करावी. खुद्द कार्यकर्त्याला सुई टोचली तर त्याला पीईपी कोठे, रात्री-सुटीच्या दिवशीही, मिळेल हे त्याच यादीच्या पहिल्या ओळीत लिहावे. त्याचप्रमाणे चाचणी करणाऱ्या प्रत्येकाच्या कामावर देखरेख करणाऱ्या परिचारिकेचे नाव आणि तिच्या पहिल्या भेटीची तारीख निमंत्रणपत्रातच नमूद करावी. ती तारीख ठरलेली नसेल तर प्रशिक्षण आठवडाभर पुढे ढकलणे अधिक योग्य.