स्पर्धेतलं नाट्यपद नाटकात परत कसं न्यावं

टीव्हीवर नाट्यसंगीताची स्पर्धा आहे म्हणून त्या दिवशी मी आणि माझी भाची लवकर जेवून बसलो होतो. किर्लोस्करांच्या 'सौभद्र' या संगीत नाटकातलं सुभद्रेचं पद 'वद जाऊ कुणाला शरण' सुरू झालं. मुलीचा गळा खरोखर तयार होता. नऊवारी, नथ, खोपा, सगळं जागच्या जागी. 'शरण'वर तिने अशी काही तान घेतली की परीक्षक उठून उभे राहिले, आणि ती गोड हसली. भाचीने मला विचारलं, "मावशी, हे आनंदाचं गाणं आहे का?"

मला फार वाईट वाटलं. राग त्या मुलीचा नाही. तिला गायला मिळतात जेमतेम दोन-तीन मिनिटं, त्यात टाळ्या मिळवायच्या. पण नाटकातून उपटून आणलेलं पद म्हणजे मुळं तोडलेलं रोप. तेव्हापासून आम्ही दोघींनी घरी एक पद्धत लावून घेतली आहे. तुमचंही मन असं खट्टू होत असेल तर करून बघा.

आधी नाटकाची संहिता मिळवा. किर्लोस्कर, देवल, खाडिलकर यांची नाटकं जुन्या वाचनालयांत बहुधा सापडतात. सगळं नाटक वाचायला वेळ नसेल तर पदाच्या आधीची दोन पानं तरी वाचाच. कोण गातंय, कुणाला उद्देशून, आणि नुकतंच काय घडलंय, एवढं कळलं की पुरे. या पदाच्या वेळी बलरामदादाने सुभद्रेचं लग्न दुर्योधनाशी ठरवलंय, अर्जुन तीर्थयात्रेला गेलाय आणि घरात तिचं कुणी ऐकत नाही. पदात 'अग सखये' असे शब्दच आहेत. 1882 साली 'सौभद्र' रंगभूमीवर आलं तेव्हापासून सुभद्रा हे सखीला विचारत आली आहे. टीव्हीवर ती कॅमेऱ्याला विचारत होती.

मग पद गाऊ नका, बोला. 'वद' म्हणजे 'सांग'. सांग, कुणाला शरण जाऊ, जो माझ्या संकटांचं हरण करील? हे बोलताना तुम्ही आपोआप बरोबर जागी थांबता. आमच्या स्पर्धकाने 'करील जो हरण' म्हणून श्वास घेतला, टाळ्या होऊ दिल्या आणि मग 'संकटांचे' म्हटलं. मधल्या त्या थांब्यात अर्थच पालटला, जणू ती आपलं हरण कोण करील असंच विचारतेय. पुढे कथेत अर्जुन तिचं हरण करतोच, आणि मला तर वाटतं किर्लोस्करांनी तो शब्द जाणूनबुजून तिच्या तोंडी घातला. पण तो नकळत यायला हवा. सुभद्रेला पुढचं काय ठाऊक! शरण, हरण, चरण ही यमकं गाणाऱ्याला भुलवतात, म्हणून पेन्सिल घेऊन वाक्य संपतं तिथे खूण करा.

आता आधीचं एक वाक्य म्हणा आणि त्याला लागूनच पद सुरू करा. माझे वडील आमच्या गावच्या हौशी मंडळींच्या नाटकांना ऑर्गन वाजवायचे. मी त्यांच्या बाजूला स्टुलावर बसायचे. नटीची दोन वाक्यं उरली असताना त्यांचे पाय भात्यावर चालू व्हायचे आणि अगदी बारीक षड्ज, म्हणजे 'सा', निघायचा. प्रेक्षकांना तो ऐकूसुद्धा यायचा नाही, पण नटीचं बोलणं हळूहळू त्या सुराकडे झुकायचं. बोलणं कुठे संपलं आणि गाणं कुठे सुरू झालं हे कळायचंच नाही. ती जागा मला या स्पर्धांमध्ये एकदाही भेटलेली नाही. घरात ऑर्गन नसला तरी मोबाईलवरचा तानपुरा लावून हे जमतं.

घरी मुलं असतील तर त्यांना 'घेई छंद मकरंद' ऐकवा. 'कट्यार काळजात घुसली' 1967 चं. त्यात संगीतकार जितेंद्र अभिषेकीबुवांनी या एकाच पदाला दोन चाली दिल्यात, नाटकातल्या दोन गायकांपैकी पंडितजींची वेगळी आणि खाँसाहेबांची वेगळी. दोन्ही लागोपाठ लावा आणि गाणारी माणसं कशी असतील ते मुलांना विचारा. चाल पात्रावरून ठरते, हे त्यांना व्याख्यान न देता कळतं.

पुढचा भाग बघताना गुण तुम्हीही द्या, पण तानेला नको. शब्द कळले का? समोर कुणी आहे असं वाटलं का? 'सौभद्रा'तल्याच 'प्रिये पहा'मध्ये कृष्ण रुक्मिणीला पहाट झाली म्हणून सांगतोय, ते कुणी टिपेला नेऊन गायलं तर आम्ही सरळ गुण कापतो.

वाहिनीला पत्रही लिहा. तक्रारींची यादी नको, एकच मागणी करा: पदाआधीचा अर्ध्या मिनिटाचा प्रवेश स्पर्धकाला करू द्या. मी तेवढंच लिहिलंय. आणि राज्य नाट्य स्पर्धेतली संगीत नाटकं जवळपास होत असतील तर अख्खं नाटक बघायला जाच. आवाज कदाचित टीव्हीइतका चकचकीत नसेल, पण पद त्याच्या जागी असेल.

घरातलं कुणी ऑडिशनची तयारी करत असेल तर सरावाला आरशासमोर उभं करू नका. समोर माणूस बसवा. भाची आता मलाच बसवते, आणि 'अग सखये'ला मी मोबाईलमध्ये बघत असले तर पहिल्यापासून सुरू करते.