‘विधिमंडळ’ शब्दाचा अर्थ आणि उगम कसा शोधावा

साताऱ्यातल्या एखाद्या अभ्यासिकेत राज्यघटना वाचताना ‘विधिमंडळ’ म्हणजेच विधानसभा असे वाटू लागले, तर शब्दाची फोड स्वतः करून पाहावी.

प्रथम समास सोडवावा. विग्रह ‘विधीचे मंडळ’ असा होतो. सुटा शब्द मराठीत ‘विधी’ असा दीर्घान्त लिहितात, परंतु समासाच्या पूर्वपदात संस्कृतातील ऱ्हस्व रूप टिकते. म्हणून ‘विधीमंडळ’ हे लेखन नियमाला धरून नाही.

नंतर धातू शोधावा, आणि येथे घाई करू नये. ‘वि’ हा उपसर्ग आणि ठेवणे या अर्थाचा ‘धा’ हा धातू यांपासून ‘विधि’ आणि ‘विधान’ हे दोन्ही शब्द झाले असून, नेमून देणे हा त्यांचा मूळ भाव आहे. मराठीत मात्र विधी म्हटले की लग्नकार्य आठवते, ‘विधिलिखित’ म्हणताना तोच शब्द दैवाकडे वळतो आणि विधान म्हणजे केवळ केलेले कथन ठरते. यांपैकी कायद्याला जवळचा अर्थ वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसाशास्त्रात सापडतो: अमुक करावे अशी आज्ञा देणाऱ्या वेदवाक्याला तेथे विधी म्हणतात आणि ‘स्वर्गकामो यजेत’ (स्वर्गाची इच्छा असणाऱ्याने यज्ञ करावा) हे त्याचे ठरलेले उदाहरण. (‘करावे’, ‘जावे’ या रूपांना मराठी व्याकरण विध्यर्थ म्हणते, तेही याच अर्थाने.) असे धागे तपासण्यासाठी साताऱ्याच्या वाचकाला फार लांबचे नाव घ्यावे लागत नाही, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी संपादिलेला ‘धर्मकोश’ वाईतच आकाराला आला आणि मराठी विश्वकोशाचे कार्यालयही तेथेच आहे.

जोडीचे शब्दही पाहावेत. ‘परिषद’ आणि ‘संसद’ हे दोन्ही बसणे या अर्थाच्या ‘सद्’ धातूवरून आले. ‘सभा’ वेदांइतकी जुनी असून अथर्ववेदात सभा आणि समिती यांना प्रजापतीच्या कन्या म्हटले आहे.

व्युत्पत्तीवर मात्र थांबू नये, कारण शब्द कसा घडला एवढेच ती सांगते. विधिमंडळात कोण येते हे राज्यघटनेच्या अनुच्छेद 168 मध्येच पाहावे लागते. त्यानुसार महाराष्ट्राचे विधिमंडळ राज्यपाल, 288 सदस्यांची विधानसभा आणि 78 सदस्यांची विधान परिषद मिळून बनते. म्हणून कोरेगावातून निवडून गेलेला विधानसभेचा आमदार आणि सातारा-सांगली ज्यात मोडतात त्या पुणे पदवीधर मतदारसंघाचा परिषदेतील आमदार हे दोघेही विधिमंडळाचे सदस्य ठरतात, तर राज्यपाल कोणत्याही सभागृहाचा सदस्य नसूनही विधिमंडळाचा घटक असतो.