दोरी ओढून ओढून इंजिन सुरू होत नसेल तर आधी पेट्रोलची वाट तपासा

ब्रश कटर, पाण्याचा पंप, छोटा जनरेटर असं कुठलंही यंत्र दोन-तीन महिने पडून राहिलं आणि मग सुरू होईना, तर दोष बहुतेक वेळा कार्ब्युरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाच्या) वाटीत उरलेल्या चमचा-दोन चमचे शिळ्या पेट्रोलमध्ये असतो. पेट्रोलमधला हलका भाग उडून जातो आणि मागे राळेसारखा चिकट थर राहतो. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतली ओलही शोषतं. ती फार झाली की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी बसतं, आणि इंजिनाला पेट्रोल जातं ते तळातूनच.

लगेच कार्ब्युरेटर खोलायला बसू नका. चोक (गार इंजिनासाठी हवा कमी करणारी पट्टी) लावून पाच-सहा वेळा दोरी ओढा आणि स्पार्क प्लग काढून बघा. प्लग ओला असेल तर पेट्रोल पोचतंय; मग ठिणगी तपासा, चोक जास्त झाला का ते बघा, पेट्रोल शिळं असेल तर बदला. प्लग कोरडा असेल तरच पुढचं काम.

हे काम उघड्यावर, इंजिन गार असताना आणि प्लगची टोपी काढूनच करा. जवळ पेटतं काही नको. टाकी वर असलेल्या इंजिनात नळीचं कार्ब्युरेटरकडचं टोक काढून बाटलीत धरा आणि कॉक उघडा. धार सलग पडली पाहिजे. सुरुवातीला नीट पडून मग बारीक होत गेली आणि टाकीचं झाकण सैल केल्यावर पुन्हा जोर धरला, तर झाकणातलं हवेचं भोक बुजलंय. पंधरा-वीस मिनिटं चालून बंद पडणाऱ्या इंजिनाचं कारण अनेकदा हेच असतं. पहिल्यापासूनच धार बारीक असेल तर फिल्टर बदला. वाकवल्यावर नळीला भेगा दिसल्या तर नळीही बदला.

धार चांगली असेल तर कॉक बंद करून वाटीखालचा बोल्ट सोडा. वाटीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत ओता; पाणी असेल तर तळाशी वेगळं दिसतं. फ्लोटची (पेट्रोलवर तरंगणाऱ्या तुकड्याची) पिन सरकवली की फ्लोटबरोबर नीडलही (पेट्रोल रोखणारी सुईही) हातात येते, ती हरवू नका. मधला मेन जेट (पेट्रोल मोजून सोडणारा, भोक असलेला स्क्रू) पितळेचा, म्हणजे मऊ असतो. खाचेत घट्ट बसणाराच स्क्रूड्रायव्हर घ्या, नाहीतर खाच तुटते. जेट उजेडाकडे धरा. भोक जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटरचं असतं, पण पलीकडचा उजेड स्वच्छ गोल दिसला पाहिजे. कडा वेड्यावाकड्या दिसल्या तर आत थर आहे. स्टीलची तार घालू नका, भोक मोठं होतं आणि मिश्रण कायमचं बिघडतं. विजेच्या वायरमधला तांब्याचा एक बारीक धागा पुरतो. मग रबरी भाग बाजूला ठेवून, डोळ्यांवर चष्मा लावून प्रत्येक मार्गात कार्ब क्लीनर मारा, दुसऱ्या तोंडातून बाहेर येईपर्यंत. पायलट जेट (मंद वेगासाठी पेट्रोल देणारा छोटा जेट) विसरू नका. सगळं साफ करूनही इंजिन मंद वेगावर टिकत नसेल, तर तोच राहिलेला असतो.

चोक लावला की चालतं, काढला की मरतं, किंवा आवाज सारखा वर-खाली होतो? पेट्रोल कमी पडतंय: जेट बुजलाय किंवा कार्ब्युरेटरच्या गॅस्केटमधून (जोडातल्या पातळ पट्टीतून) हवा घुसतेय. काळा धूर आला तर उलटं: एअर फिल्टर तुंबलाय किंवा चोकची पट्टी पूर्ण उघडत नाही.

कार्ब्युरेटरमधून पेट्रोल ठिबकत असेल तर नीडलच्या बैठकीत कचरा असतो किंवा फ्लोटमध्ये पेट्रोल शिरलेलं असतं. फ्लोट कानाशी हलवला की खळखळ ऐकू येते. फोर-स्ट्रोक इंजिनात अशा वेळी डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) काढून वास घ्याच. ऑइलची पातळी वाढली असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल तर इंजिन चालवू नका; पातळ झालेलं ऑइल बेअरिंग वाचवत नाही. गळती थांबवा, ऑइल बदला, मगच दोरी ओढा.

टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलमध्ये मिसळायच्या ऑइलचं माप अंदाजाने नको: ५०:१ साठी लिटरला २० मिली, २५:१ साठी ४० मिली. प्रमाण यंत्राच्या पुस्तिकेत असेल तेच. ब्रश कटरच्या कार्ब्युरेटरमध्ये वाटीऐवजी पातळ पडदा असतो. तो बोटांना कडक लागला तर धुण्यात वेळ घालवू नका, पडद्याचं किट बदला. प्रायमरचा (पेट्रोल ओढून घेणारा) फुगा दाबूनही भरत नसेल तर नळीला चीर आहे किंवा टाकीतला फिल्टर तुंबलाय.

यंत्र महिनाभराहून जास्त ठेवायचं असेल तर टाकी रिकामी करा, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा आणि नंतर वाटीचा ड्रेन स्क्रूही उघडा, कारण इंजिन बंद पडल्यावरही तळाशी थोडं पेट्रोल उरतंच. टाकी भरून ठेवायची असेल तर स्टॅबिलायझर (पेट्रोल टिकवणारा द्रव) ताज्या पेट्रोलमध्येच घाला आणि दहा मिनिटं इंजिन चालवा, म्हणजे तो कार्ब्युरेटरपर्यंत पोचेल. शिळ्या पेट्रोलवर त्याचा उपयोग नाही.